बोलायला एक लॅपटॉप

काकांच्या घशात काहीतरी बिघडलंय हे कळायला आम्हाला सात महिने लागले. तोवर स्टँडवरचा भोंगा दोनदा बदलून झाला होता.

काका बसस्टँडवर घोषणा करायचे. एकतीस वर्षं. फलाटांच्या टोकाला एक काचेची खोली आहे, तिच्यात एक खुर्ची, एक मायक्रोफोन आणि ते. मी शेजारच्या चौकशीच्या खिडकीत बसते. साहित्यात पदवी घेतल्यावर जी नोकरी मिळाली ती ही. गाडी लागली की मी चिठ्ठी लिहून त्यांच्याकडे सरकवायची, मग अख्ख्या स्टँडला कळायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"अक्षर सुरेख आहे. शिक्षण?"

"बी. ए. साहित्य."

"अरे वा. मग लिहा आता गाड्यांचे नंबर, पदवीधर."

तेव्हापासून मी पदवीधर. ड्रायव्हर लोक त्यांना भोंगा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे.

गेल्या वर्षी भोंगा खरखरायला लागला. म्हणजे छतावरचा. प्रवासी माझ्या खिडकीशी येऊन ओरडायचे, "ताई, तुमचा स्पीकर फाटलाय, काही कळत नाही." मी तक्रारवहीत लिहिलं, भोंग्यातून खरखर येते. इलेक्ट्रिशियननं वायर बदलली. मग भोंगा बदलला. तो आणखी खरखरला, म्हणून तोही बदलला. काका म्हणाले, "हल्ली माल हलकाच येतो." काचेच्या खोलीत ते माझ्याशी बोलायचे तेव्हाही त्यांचा आवाज बसलेला असायचा. मी म्हणायचे, धूळ फार आहे. तेही म्हणायचे, धूळच.

शेवटी काकू त्यांना ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दुसऱ्या खेपेला, तपासण्यांचे कागद आले तेव्हा, मीही गेले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "आवाज असा कधीपासून आहे?"

"सात महिने."

"मग इतके दिवस करत काय होतात?"

"भोंगा बदलत होतो," काका म्हणाले आणि हसले. डॉक्टर हसले नाहीत. काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

स्वरयंत्र काढावं लागणार होतं. अठरा दिवसांनी ऑपरेशन. त्यानंतर श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. आवाज नाही. पुढे, जखम भरून बाकीचे उपचार झाले की, गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, आणखीही काही मार्ग असतात. पण ते पुढे.

"तोपर्यंत?" काकूंनी विचारलं.

"पाटीवर लिहायचं. नाहीतर मोबाईल, लॅपटॉप. आपण टाइप केलं की तो बोलतो."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर काका म्हणाले, "तो बोलतो म्हणजे कोण बोलतो?"

मी माझ्या मोबाईलवर एक वाक्य टाइप केलं आणि ऐकवलं. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. धंद्यातल्या माणसानं दुसऱ्याचं काम ऐकावं तसं.

"हा माणूस आयुष्यात कधी जेवलेला दिसत नाही," ते म्हणाले.

काकू औषधं आणायला गेल्या तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "हे बघ पदवीधर. हिनं सव्वीस वर्षं माझी बडबड ऐकलीय. दोघंच तर असतो आम्ही. घर एकदम गप्प झालं तर हिला झेपायचं नाही. आणि तो न जेवलेला माणूस मला घरात नको. माझीच वाक्यं भरून ठेवू. अठरा दिवस आहेत. दाबलं बटण की माझाच आवाज."

माझ्या मोबाईलवर एक बटण त्यांनी दाबून बघितलं. एका बोटाखाली तीन अक्षरं आली. म्हणून लॅपटॉप. हॉस्पिटलचं भागवून हाताशी जेवढं उरत होतं, त्यात बसेल असा.

"तू आहेस म्हटल्यावर काळजी नाही," काका म्हणाले. "शिकलेली पोरगी."

मला लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी शिकले होते ते कवितेतली प्रतिमा कशी ओळखायची. दोन दिवस खिडकीत चिठ्ठ्या लिहितालिहिता मी वाचत बसले. रॅम किती असावी, स्टोरेज कुठल्या प्रकारचं असावं, स्क्रीन किती इंचांचा. परीक्षेसारखं पाठ केलं.

दुकानात ओळीनं लॅपटॉप उघडून ठेवले होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक गृहस्थ पुढे आले.

"वापर काय असणार?"

"रोजचाच," काका म्हणाले. "साधासुधा."

"म्हणजे इंटरनेट, सिनेमे, थोडं ऑफिसचं काम?"

"नाही. बोलायला."

"व्हिडिओ कॉल. मग कॅमेरा चांगला असलेला दाखवतो."

"कॅमेरा कशाला? समोरच्याशीच बोलायचंय. बायकोशी."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी पाठ केलेलं म्हणायला लागले. आठ जीबी रॅम, एसएसडी. तो म्हणाला, "या बजेटमध्ये चार जीबी येईल. साध्या वापराला पुरतं. उघडायला थोडा वेळ घेतो, एवढंच."

"थोडा म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"मिनिटभर."

"मिनिटभरात ती स्वयंपाकघरातून अंगणात गेलेली असते. मग मी कुणाशी बोलू?"

मग त्यांनी जे केलं ते दुकानातले सगळे बघत राहिले. ते म्हणाले, "काहीतरी वाजवा. माणूस बोलतोय असं." विक्रेत्यानं बातम्या लावल्या. काका पाठ फिरवून चालायला लागले, पावलं मोजत. चौदा मोजून थांबले. पुढच्या खोलीतल्या पलंगापासून ओट्यापर्यंत चौदा पावलं होतात, घरून मोजून आले होते. तिथे धुलाई यंत्रांच्या मधे उभं राहून त्यांनी कान दिला.

"डब्यात माशी अडकलीय," त्यांनी तिथूनच सांगितलं. "दुसरा."

असे पाच लॅपटॉप वाजले. तिसऱ्याचा आवाज बरा होता. काकांनी परत येऊन अंगातला स्वेटर काढला, काउंटरवर पसरला आणि लॅपटॉप त्याच्यावर ठेवला. आवाज स्वेटरात बुडाला.

"स्पीकर खालच्या बाजूला आहेत ना," विक्रेता म्हणाला. "टेबलावर ठेवायचा."

"टेबलावर ठेवून बोलतो कोण? मी अंथरुणात असणार."

विक्रेत्यानं एकदा काकांकडे बघितलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण मग तो आत गेला आणि एक जुना, दुरुस्त करून परत विकायला ठेवलेला लॅपटॉप घेऊन आला. जाडजूड, वजनदार, कोपऱ्यावर ओरखडा. पण स्पीकर बटणांच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला. रॅम आठ. स्वेटरवर ठेवला तरी चौदा पावलांवर स्पष्ट ऐकू आला.

"बॅटरी तासभरच चालते," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू."

"तासभर सलग ती मला बोलू देणारच नाही," काका म्हणाले. "हाच द्या."

आम्ही खूश होऊन बाहेर पडलो. तो कसा बोलतो ते आम्ही पाच-पाचदा बघितलं होतं. तो कसा ऐकतो, हे एकदाही बघितलं नव्हतं.

काकू कपडे अल्टर करायच्या दुकानात काम करतात, साडेसहाला घरी येतात. माझी सकाळची पाळी दोनला संपायची. दोन ते सहा आम्ही वाक्यं भरायची ठरवलं. मी यादी करून नेली होती. एकशे त्रेचाळीस वाक्यं, विषयवार. काकांनी चष्मा लावला.

"मला तहान लागली आहे," त्यांनी वाचलं. "असं कोण बोलतं गं? नाटकात मरताना बोलतात."

त्यांनी पेन्सिलीनं निम्मी यादी बदलली. भाजीत मीठ कमी आहे, हे वाक्य त्यांनी स्वतः घातलं. मी म्हटलं, काका, बरेच दिवस नळीतून जेवायचंय. "मग तर कमीच लागणार," ते म्हणाले. किल्ली घेतलीस का, तू जेवलीस का, कोण आलंय बघ, ही त्यांची. सगळ्यात शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ते त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पदवीधर, हिला वाटेल ऑपरेशन डोक्याचं झालं."

आणि त्यावर काट मारली.

पहिल्या दुपारी ते पलंगावर बसले आणि साध्या आवाजात बोलले. खिडकी लाव ना जरा. उशी सरकव. सतरा वाक्यं झाली. मग आम्ही ऐकली. लॅपटॉपच्या आतला पंखा ऐकू आला. त्याच्यामागे कुठेतरी काका होते, गादीखाली कुणी पुटपुटावं तसे. त्यांचा आवाज आधीच बसलेला, त्यात हळू बोललेला. आम्ही छताचा पंखा बंद केला, खिडकी लावली, तोंड जवळ नेलं. नुसता फुसफुसाट वाढला.

मोबाईलवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये टाकता येतं, हे मला सुचलं नाही. आता कुणीही मला ते सांगतं. तेव्हा लॅपटॉप आणला होता, म्हणून काम लॅपटॉपवर. त्यापलीकडे डोकं गेलं नाही.

मला सुचलं ते वेगळंच. मी म्हटलं, "काका, स्टँडवर बोलता तसं बोला की."

ते उभे राहिले. डावा हात कानावर ठेवला, हनुवटी आत ओढली. बसलेल्या घशातून कुठून ओढून आणला कळलं नाही, पण तो आवाज आला. फलाट क्रमांक सांगणारा.

"पाणी हवं आहे. पाणी हवं आहे."

ऐकलं तर प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. पंखाबिंखा कुठल्या कुठे. मी टाळी वाजवली. तासाभरापूर्वीची ती सतरा वाक्यं मी तिथल्या तिथे पुसून टाकली. जागा अडायला नको म्हणून.

"पण दोनदा कशाला म्हणता?"

"एकदा सांगितलेलं कुणाच्या लक्षात येतं? पहिल्या वेळी माणूस कान देतो. दुसऱ्या वेळी ऐकतो."

एकतीस वर्षांत मायक्रोफोनसमोर ते कुठलंही वाक्य एकदाच बोलले नव्हते. आता बोलूच शकत नव्हते. मीही हट्ट धरला नाही. मला ते आवडत होतं, खरं सांगायचं तर.

अशा बारा दुपारी आम्ही ते केलं. सहा वाक्यं झाली की कोमट पाणी आणि दहा मिनिटं गप्प. शेवटी शेवटी तीन वाक्यांवरच दम लागायचा. एकशे एकोणतीस झाली, चौदा राहिली. स्क्रीनवर मी मोठे चौकोन केले, चौकोनात वाक्य, चौकोन दाबला की आवाज. ते शिकायला मला चार दिवस लागले. काकूंना ऐकवू का, मी विचारलं. काका म्हणाले, "आत्ता नको. माणूस समोर धडधाकट बसलेला असताना त्याची टेप कशाला लावायची?"

काकूंना माहीत होतं आम्ही काय करतोय. त्या आल्या की लॅपटॉप भिंतीकडे सरकवायच्या आणि त्यावर काही न बोलता इस्त्री करायला घ्यायच्या.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित झालं. हॉस्पिटलात नळ्या होत्या, लॅपटॉप कपाटातच राहिला. पाटीवर भागलं. सोळा दिवसांनी घरी सोडलं. मी पुढच्या रविवारी दुपारी गेले.

काका खिडकीशी पलंगावर टेकून बसले होते. गळ्याशी पातळ कापड बांधलं होतं, ते श्वासाबरोबर हलायचं. अंगानं निम्मे झाले होते. मला बघून त्यांनी भुवया उडवल्या आणि कपाटाकडे बोट केलं. मी लॅपटॉप काढून त्यांच्या मांडीवर, पांघरुणावर ठेवला. काकू आत ओट्याशी होत्या. भांड्यांचा आवाज येत होता. काकांनी मला गप्प राहायची खूण केली. डोळा मारला. चौकोन दाबला.

"चहा टाक. चहा टाक."

चौदा पावलांवर व्यवस्थित पोचलं. निवड चुकली नव्हती.

भांड्यांचा आवाज थांबला. काकू ओल्या हातांनी दारात आल्या. त्यांनी आधी बाहेरच्या दाराकडे बघितलं.

"कोण आलंय?"

"काकाच, काकू," मी म्हटलं.

काकांनी पुढचा चौकोन दाबला. "मी बरा आहे. मी बरा आहे."

काकू तिथेच उभ्या राहिल्या. हात पुसले नव्हते, पाणी गळत होतं.

"घरात भोंगा बसवलात होय," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. मीही हसले. मग त्या हसायच्या थांबल्या.

"हे स्टँडवरचे," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "घरातले कुठेयत?"

मला कळलं नाही.

"अगं, लग्न झाल्यावर मी एकदाच गेले होते स्टँडवर, ह्यांना ऐकायला. म्हटलं, हा कोण परका बाप्या? घरी आल्यावर सांगितलं, तो आवाज उंबऱ्याबाहेर ठेवायचा. सव्वीस वर्षांत एकदा आत आणला नाही ह्यांनी. चुकूनसुद्धा नाही." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "सगळं असंच आहे? सगळंच्या सगळं?"

"काकू, तो हळू बोललेलं घेत नव्हता. मीच म्हटलं, की..."

त्या माझं ऐकत नव्हत्या. काकांकडे बघत होत्या. काका चौकोनांवरून भराभर बोट फिरवत होते. एक दाबला. "उशी सरकव. उशी सरकव." दुसरा. "दार मी उघडतो, तू बस. दार मी उघडतो, तू बस." प्रत्येक वेळी थोडं थांबून काकूंकडे बघायचे. गिऱ्हाइकाला एकामागून एक कापड उलगडून दाखवावं तसं.

"पुरे," काकू म्हणाल्या. "अहो, पुरे. त्याला मी नाही ओळखत, आणि तोही मला नाही ओळखत."

काकांनी हात उचलला. मग त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, दोनदा. आवाजाच्या जागी गळ्याशी फक्त ते कापड हललं.

"काय?" काकू पुढे गेल्या. "पाणी?"

मान हलली. नाही.

"दुखतंय? खिडकी लावू?"

नाही.

"मग काय? ह्या पाटीवर लिहा बघू."

पाटी उशाशीच होती. काकांनी खडू घेतला, पाटीवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. मग खाली ठेवला. लिहून सांगण्यासारखं ते नसावं. पुन्हा ओठ हलले. काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, नीट दिसत नसताना सुईत दोरा ओवावा तशा. मग त्यांचा चेहरा बदलला.

"हाक मारताहेत," त्या म्हणाल्या.

मी काकांच्या ओठांकडे बघितलं.

"'अगं', एवढंच म्हणताहेत. दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे. मी आतून काय म्हणून विचारलं की, काही नाही. काम नसायचंच काही. मी चिडायचे, म्हणायचे, काही नाही तर हाका कशाला मारता?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "त्यात आहे का ते?"

मी लॅपटॉप ओढून घेतला. नाही हे मला माहीत होतं, तरी पानं खाली खाली नेत राहिले. एकशे एकोणतीस चौकोन. प्रत्येकात काहीतरी हवं होतं, काहीतरी सांगायचं होतं, काहीतरी विचारायचं होतं. हाक कुठेच नव्हती. यादी करताना ती आम्हाला कुणालाच वाक्य वाटली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"एवढं सगळं भरलंत," काकू म्हणाल्या. ओले हात त्यांनी पांघरुणालाच पुसले.

मी म्हटलं, "काकू, त्या पहिल्या दुपारचं..." आणि थांबले. पुसून टाकलेल्याचं सांगून काय होणार होतं? मग त्यांच्याकडे जुनी एखादी टेप, कुणाच्या लग्नातलं शूटिंग, मोबाईलवरचं काही, असं काही आहे का, ते विचारलं. त्यांनी आठवून बघितलं. काकांचा मोबाईल बटणांचा, त्यावर कधी काही साठवलंच नव्हतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये काका होते, पण त्यावर गाणं लावलेलं होतं.

"दिवसभर बोलणाऱ्या माणसाला कोण भरून ठेवतं?" काकू म्हणाल्या.

काका आमचं सगळं ऐकत होते. त्यांनी हात लांब करून लॅपटॉप परत मांडीवर घेतला. जरा शोधलं. बोट एकदा घसरलं. मग त्यांनी दाबलं.

"तू जेवलीस का?"

स्टँडवरचा आवाज. अक्षर न् अक्षर सुटं, खोलीच्या चारी कोपऱ्यांत. काकूंनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही. त्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तो आवाज दुसऱ्यांदा सुरू झाला. तो मधे थांबवता येत नव्हता. काकांनी दोनदा बटण दाबून बघितलं, तरी नाही.

ते वाक्य संपायची आम्ही तिघंही वाट बघत बसलो.